पैसे घेण्याआधी गोळ्या विचारा

अॅमेझॉनच्या जंगलातल्या ‘प्लांट मेडिसिन’ शिबिरांना, म्हणजे आयावास्का नावाचा काढा पाजणाऱ्या शिबिरांना, मराठी माणसं घेऊन जाणाऱ्या सर्व आयोजकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यापैकी बहुतेकांची माझी ओळख नाही, पण एकांबरोबर मी पेरूला जाऊन आले आहे. नाशिकला माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. आई गेल्यानंतर दीड वर्ष मला धड झोप लागत नव्हती. न्यू जर्सीच्या मावसबहिणीने तुमच्यातल्या एका शिबिराची माहिती पाठवली, बरेच दिवस आमचं हो-ना चाललं, आणि शेवटी दोघींनी नावं नोंदवली. ते शिबिर कुणाचं होतं हे मी इथे लिहिणार नाही. ज्यांचं होतं त्यांना मी तिथेच समोरासमोर सांगितलं आहे. पण परत आल्यावर आणखी चार-पाच जणांचे फॉर्म मागवून वाचले, तेव्हा कळलं की हे एकट्यादुकट्याला सांगून भागणारं नाही.

तो नोंदणीचा फॉर्म अजून माझ्या फोनमध्ये आहे. पासपोर्ट क्रमांक, रक्तगट, शाकाहारी की मांसाहारी, विपश्यना केली आहे का, घोरता का (खोली वाटून घ्यायची म्हणून), आणि या प्रवासातून तुम्हाला काय मिळवायचं आहे ते दहा ओळींत लिहा. खाली बँकेचा तपशील. सध्या कोणती औषधं चालू आहेत, हा प्रश्न कुठेच नव्हता. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईला ते फॉर्म भरतानाच खटकायला हवं होतं. मला नाही खटकलं. त्या दहा ओळी लिहिताना मी रडत होते, आणि रडणारं माणूस फॉर्ममध्ये काय नाही ते बघत नाही. तुमच्याकडे येणारी जवळपास सगळी माणसं याच अवस्थेत फॉर्म भरतात, म्हणून ती जबाबदारी तुमच्यावर येते.

आधी औषधाबद्दल सांगते, कारण तुमच्या माहितीपत्रकांत ‘पवित्र’, ‘दिव्य’, ‘आजीमाय’ हे सगळं असतं, पण ते पेय शरीरात नेमकं करतं काय, हे मला एकाही पत्रकात मिळालं नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेत आया म्हणजे मेलेल्याचा आत्मा आणि वास्का म्हणजे दोर किंवा वेल. आयावास्का हे वेलीचंही नाव आणि तिच्यापासून केलेल्या काढ्याचंही. बानिस्टेरिओप्सिस कापी ही पीळ घातल्यासारखी दिसणारी जाड वेल ठेचून, बहुतेक ठिकाणी चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांबरोबर तासन् तास उकळतात. चाक्रुना कॉफीच्या कुळातली. तिच्या पानांत डीएमटी नावाचं भास घडवणारं द्रव्य असतं. नुसती पानं उकळून प्यायली तर काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर बसलेलं असतं, ते डीएमटीचा लगेच फडशा पाडतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं त्या विकराला काही तास अडवून धरतात, मग पानातलं द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचतं. इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस याने १८५२ मध्ये ब्राझीलच्या वाउपेस नदीकाठी तुकानो लोकांना ही वेल वापरताना पाहिलं आणि तिला शास्त्रीय नाव दिलं. ती अडवाअडवी विज्ञानाला उलगडायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली. जंगलातल्या हजारो जातींमधून ही जोडी ज्यांनी हुडकून काढली त्यांच्यापुढे मी फार्मसी शिकलेली बाई मनापासून हात जोडते. आणि हे द्रव्य आपल्यालाही अगदी परकं नाही. काष्ठौषधींच्या दुकानात धुरीसाठी हरमल नावाचं बी मिळतं ना? हार्मिन हे नाव त्याच हरमलवरून पडलं. तेच द्रव्य त्या बियांतही आहे.

आता हेच विकर सिरोटोनिनसुद्धा मोडतं, म्हणजे मनःस्थितीशी संबंध असलेलं मेंदूतलं रसायन. नैराश्याच्या, भीतीच्या, मंत्रचळाच्या ज्या गोळ्या मी रोज देते, एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्झेटिन, त्या मेंदूतलं सिरोटोनिन टिकवून धरतात. एका बाजूने गोळीने ते वाढवलं आणि दुसऱ्या बाजूने वेलीने ते मोडणारं विकरच बंद केलं, तर सिरोटोनिन धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. याला सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. घाम, थरथर, उलटी-जुलाब, बेचैनी, छातीत धडधड, मग स्नायू ताठ होणं, ताप चढत जाणं, भान सुटणं. वेळेत हॉस्पिटल मिळालं नाही तर माणूस दगावतो. औषधशास्त्राची पुस्तकं अशा दोन औषधांमध्ये साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात, फ्लुओक्झेटिन असेल तर पाच आठवड्यांचं, कारण ते शरीरातून फार सावकाश जातं.

‘मी डिप्रेशनची गोळी घेत नाही’ असं कुणी सांगितलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. मधुमेहात पायाची आग होते म्हणून ड्युलोक्सेटिन घेणारे काका माझ्याकडे दर महिन्याला येतात. ती नैराश्यावरचीही गोळी आहे हे त्यांना माहीत नाही. अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलिन घेणाऱ्या बायका आहेत. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल घेणारे आहेत. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं आणि ती बाटली माणूस प्रवासाच्या बॅगेत सहज टाकतो. लिथियम चालू असलेल्या माणसाने तर या काढ्याच्या आसपासही जाऊ नये. म्हणून फॉर्ममध्ये ‘काही आजार आहे का’ एवढं विचारून भागत नाही. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटोच मागवावे लागतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

लिमाहून पुकाल्पाला विमान तासाभरात पोहोचतं. तिथून मोटोकारो, म्हणजे पुढे मोटरसायकल आणि मागे छपराचं बाकडं, घेऊन आम्ही यारिनाकोचा तळ्याच्या धक्क्यावर आलो. शिपिबो-कोनिबो लोकांचा हा मुलूख, उकायाली नदीचा. धक्क्यावर बाया केने नक्षीची भरतकाम केलेली कापडं मांडून बसल्या होत्या, वाटांच्या आत वाटा असलेली ती नक्षी. पुढे नावेने. इंजिनाच्या आवाजावरून त्या नावेला ‘पेके-पेके’ म्हणतात. आम्ही अकरा जण होतो, त्यांतले सात मराठी. शेजारी पुण्याचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा बसला होता. मान वळवली की तो डोळे मिटायचा आणि पुढचं बाकडं घट्ट धरायचा. मला वाटलं नाव लागते आहे. मग तो म्हणाला, ‘‘मावशी, चार रात्री झोपलो नाहीये. डोक्यात करंट बसल्यासारखं होतं.’’

हे वाक्य मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय. मी विचारलं, ‘‘कोणती गोळी बंद केलीस?’’

एस्सिटालोप्रॅम, दहा मिलिग्रॅम, दीड वर्षापासून. पाच दिवसांपूर्वी एकदम सोडलेली. डॉक्टरांना विचारलं नव्हतं. त्याने मला फोनवर ग्रुपमधला मेसेज दाखवला. शरीर शुद्ध असावं म्हणून आठवडाभर आधी सर्व ॲलोपॅथी औषधं थांबवा, असं आयोजकांनी लिहिलं होतं, आणि पुढे हात जोडल्याचं चिन्ह. तो मेसेज मी नीट वाचला नव्हता, कारण माझी कुठलीच गोळी चालू नव्हती. त्या एका ओळीत दोन चुका आहेत. आठवडाभर पुरत नाही, गोळी अंगात उरलेली असताना काढा पिणं धोक्याचं, आणि ती गोळी अशी झटक्यात सोडणंही धोक्याचं. नैराश्याचा माणूस औषध एकदम बंद करून, चार रात्री जागा राहून, घरापासून हजारो मैल दूर जंगलात जातो आहे, आणि त्याच्या डॉक्टरला याचा पत्ताच नाही. तुम्ही आयोजक आहात. यातून काय होऊ शकतं याचा विचार करायला तुम्हाला वैद्यकीय पदवी लागत नाही.

त्या केंद्रातली मुख्य वैद्य सत्तरी ओलांडलेली शिपिबो बाई होती. सगळे तिला आबुएला म्हणायचे, म्हणजे आजी. शिपिबो भाषेत अशा माणसाला ओनान्या म्हणतात. ओनान्या म्हणजे जाणणारा. आपल्याकडे खेड्यात ‘जाणता’ म्हणतात ना, अगदी तोच शब्द. पहिल्या संध्याकाळी ती लाकडी ओट्यावर पाय पसरून बसली आणि एकेकाला समोर बोलावलं. तिचा भाचा शिपिबोचं स्पॅनिश करायचा, एक मुलगी स्पॅनिशचं इंग्रजी. झोप कशी आहे, पोट साफ होतं का, घरात कुणाला वेड लागलं होतं का, अंगात दुसऱ्या कुणाचं औषध आहे का. आमच्या आयोजकांची घाई चालली होती, कारण अंधार पडायच्या आत अकरा जण उरकायचे होते. ती घाई तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. प्रत्येकाचं मनगट हातात धरून ती बराच वेळ बसायची.

मुलगा अडखळला तेव्हा मीच सांगितलं. भाच्याने तिला सांगितलं. तिने त्याचं मनगट धरलं, त्याच्याकडे पाहिलं आणि भाच्याला दोनच वाक्यं बोलली. याच्या अंगात दुसरं औषध आहे. याला कप मिळणार नाही, आजही नाही, उद्याही नाही.

आयोजक म्हणाले, त्याने पूर्ण पैसे भरले आहेत. हे वाक्य भाच्याने भाषांतर केलंच नाही.

तुम्ही ज्या परंपरेच्या नावाने शिबिरं भरवता तिचं काम मी त्या संध्याकाळी बघितलं. फॉर्ममध्ये जो प्रश्न नव्हता तो त्या अक्षरओळख नसलेल्या आजीने पहिल्या बैठकीत विचारला होता. तिला एस्सिटालोप्रॅम हा शब्द माहीत नव्हता. पण एका औषधावर दुसरं घालायचं नसतं, आणि आपण देतो त्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं, हे तिला माहीत होतं. सगळीच केंद्रं अशी नसतात. त्याच आठवड्यात यारिनाकोचातल्या दुसऱ्या एका ठिकाणी चाळीस लोकांना एका रांगेत कप वाटतात, असं तिच्या भाच्यानेच मला सांगितलं. तिथे तो मुलगा असता तर त्याचं काय झालं असतं, याचा विचार आजही रात्री मनात येतो.

रात्रीचंही सांगायला हवं. मालोका म्हणजे ताडाच्या पानांनी शाकारलेलं मोठं गोल घर. कडेने गाद्या, प्रत्येकाच्या उशाशी एक प्लॅस्टिकची बादली. आजीने मापाचो, तिथला कडक गावरान तंबाखू, पेटवून बाटलीत फुंकर घातली, स्वतः प्याली, मग एकेकाला दिलं. दिवा मालवला. तासाभराने तिने इकारो, म्हणजे उपचाराची गाणी, म्हणायला सुरुवात केली. एवढ्या वयाच्या बाईच्या गळ्यातून इतका बारीक, उंच आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. ती प्रत्येकाच्या समोर येऊन बसायची आणि त्याच्यापुरतं गायची. मला काय दिसलं ते इथे लिहीत नाही, ते माझं आणि आईचं आहे. एवढंच सांगते की आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल मी स्वतःला जो दोष देत होते, तो उचलून बाजूला ठेवता येतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. म्हणूनच मी हे पत्र त्या औषधाविरुद्ध लिहीत नाही.

पण त्याच रात्री माझ्या डावीकडे एक बाई थरथरत होती, घामाने भिजली होती, बादलीत ओकत होती, कण्हत होती. ती ठीक होती. ओकणं हा त्या उपचाराचाच भाग आहे, तिथे त्याला पुर्गा म्हणतात, साफ करणं. मी पडल्या पडल्या विचार करत होते की सिरोटोनिन सिंड्रोमची सुरुवातही अशीच दिसते. थरथर, घाम, उलटी, बेचैनी. काळोखात, गाण्याच्या आवाजात, ज्याला औषध ‘काम करतंय’ आणि ज्याच्या जिवावर बेततंय, त्या दोघांत फरक कोण करणार? तुमच्या शिबिरात नाडी बघणारं, ताप मोजणारं, रात्रभर न पिता जागं राहणारं माणूस कोण असतं? हॉस्पिटलला जायचं तर आधी नाव, मग मोटोकारो. रात्री दोन वाजता नावाडी कुठे झोपलेला असतो हे तुम्हाला माहीत असतं का? आम्ही गेलो तेव्हा आमच्या आयोजकांनीही कप घेतला होता आणि तेही गादीवर पडून होते.

त्या मुलाला आजीने मालोकात येऊ दिलं. तो कोपऱ्यात बसला आणि त्याच्यासमोरही ती गायली, औषधाशिवाय. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सिग्नल मिळाला तिथून आम्ही त्याच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. उरलेले दिवस त्याने पानाफुलांच्या पाण्याची अंघोळ केली, बिनमिठाचा मासा आणि उकडलेली केळी खाल्ली, आणि बऱ्यापैकी झोपला.

बिनमिठाच्या जेवणावरून आठवलं. तुम्ही जाहिरातीत ‘हजारो वर्षांची परंपरा’ लिहिता, कुणी तर पाच हजार वर्षं लिहितो. दक्षिण-पश्चिम बोलिव्हियातल्या एका गुहेत कोल्ह्याच्या मुस्कटांचं कातडं शिवून केलेली साधारण हजार वर्षांपूर्वीची पिशवी सापडली, तिच्यात हार्मिन आणि डीएमटीचे अंश मिळाले, याचा शोधनिबंध २०१९ मध्ये आला. त्या दोन्हींचा असाच काढा तेव्हा करत होते का, हे त्यातून ठरत नाही. वयाचा आकडा वाढवल्याने परंपरा मोठी होत नाही. ती मोठी आहे ती तिच्या शिस्तीने. ओनान्या व्हायला वर्षानुवर्षं दिएता पाळावी लागते, म्हणजे एकेका झाडाबरोबर महिनोन् महिने एकांत, मीठ नाही, साखर नाही, डुकराचं मांस नाही, शरीरसंबंध नाही. आणि जुन्या पद्धतीत पुष्कळदा वैद्यच काढा पीत असे. रोग्याला काय झालंय हे बघायला तो प्यायचा, रोगी नुसता समोर पडून असायचा. प्रत्येक पाहुण्याला रोज रात्री कप, ही पद्धत मोठ्या प्रमाणात परदेशी पाहुण्यांसाठी रुजली. मग परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी ‘तुम्हाला कप मिळेलच असं नाही’ हे वाक्य माहितीपत्रकात छापायला काय हरकत आहे?

पेरूच्या राष्ट्रीय संस्कृती संस्थेने २४ जून २००८ रोजी अॅमेझॉनच्या आदिवासी समाजांतलं आयावास्काचं पारंपरिक ज्ञान आणि वापर हा राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केला. तुमच्या जाहिरातींत या घोषणेचा उल्लेख अभिमानाने असतो. पण त्याच ठरावात हा पारंपरिक वापर आणि संदर्भापासून तोडलेला, उपभोगाचा, धंद्याचा पाश्चात्त्य वापर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असंही नमूद केलं आहे. तो भाग कुणी छापत नाही. ब्राझीलने २०१० मध्ये धार्मिक वापराचे नियम ठरवताना काढ्याची विक्री आणि नफ्यासाठीचं पर्यटन नाकारलं. कोलंबियात यागेच्या (आयावास्काचं तिथलं नाव) वैद्यांनी १९९९ मध्ये एकत्र येऊन स्वतःची संघटना बांधली आणि स्वतःची आचारसंहिता लिहून काढली. नियम काय असावेत हे त्या लोकांनीच सांगून ठेवलं आहे. ते ऐकायचं की नाही एवढंच आपल्या हातात आहे.

संशोधनाचे दाखले तुम्ही देता. ब्राझीलच्या नाताल शहरात झालेला अभ्यास मी वाचला आहे, २०१९ साली छापून आलेला. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २९ रुग्ण, काहींना आयावास्का, काहींना तशीच कडू लागणारी खोटी मात्रा, आणि सातव्या दिवशी आयावास्का घेतलेल्यांमध्ये सुधारणा स्पष्टपणे जास्त. आशा वाटावी असंच काम आहे. पण ते हॉस्पिटलमध्ये झालं. आधीची औषधं देखरेखीखाली थांबवलेली होती. स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांना घेतलंच नव्हतं, आत्महत्येचा धोका असलेल्यांनाही नाही. त्या अभ्यासाचं नाव सांगून तुम्ही ज्यांना नेता, त्यांतल्या कित्येकांना त्या अभ्यासात दारातूनच परत पाठवलं असतं.

माणसं मेली आहेत. २०१२ मध्ये पेरूच्या माद्रे दे दिओस भागातल्या केंद्रात १८ वर्षांचा अमेरिकन मुलगा गेला. तो निघून गेला असं घरच्यांना सांगितलं गेलं, आणि त्याला तिथेच आवारात पुरलेलं निघालं. आई शोधत आली म्हणून कळलं. जानेवारी २०२५ मध्ये लिमाच्या अमेरिकी दूतावासाने आपल्या नागरिकांना आयावास्का घेऊ नका अशी सूचना काढली, कारण आदल्या वर्षात काही जण मेले किंवा गंभीर आजारी पडले होते. काही ठिकाणी काढ्यात तोए, म्हणजे धोत्र्याच्या नात्यातलं झाड, घालतात. त्यातल्या स्कोपोलामिन या द्रव्याचा धोका वेगळाच. शिवाय अंधारात, भान हरपलेलं असताना बायकांना नको तिथे हात लावल्याच्या तक्रारी गेली कित्येक वर्षं येत आहेत. माझ्या मावसबहिणीने आणि मी गाद्या शेजारी घेतल्या आणि एकमेकींवर लक्ष ठेवायचं आधीच ठरवलं होतं. एकटीने येणाऱ्या मुलीसाठी तुम्ही कोणाला जागं ठेवता?

आणि त्या लोकांचंही काय होतंय ते बघा. १९ एप्रिल २०१८ रोजी यारिनाकोचाजवळच्या वस्तीत ८१ वर्षांच्या ओलिविया आरेवालो यांना गोळ्या घालून मारलं. शिपिबो औषधगीतांचं भांडार होतं त्या बाईजवळ. संशय ज्याच्यावर होता तो कॅनडाचा माणूस याच वनस्पतींच्या ओढीने तिथे आलेला. जमावाने त्याला ठार केलं. आम्ही त्याच तळ्यावरून नाव घेऊन गेलो आणि आमच्या दहा पानी माहितीपत्रकात त्यांचं नावसुद्धा नव्हतं. पेरूतल्या इकितोस शहराच्या आसपास जंगलातली जुनी जाड वेल आता लांबून आणावी लागते. पुन्हा लावलेली वेल कामाची व्हायला चार-पाच वर्षं जातात.

आपण मराठी माणसांना हे समजायला हवं, कारण आपण यातून गेलो आहोत. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने ते लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्या बातमीने घराघरांत अभिमान वाटला होता, मी तेव्हा कॉलेजात होते. तसंच या वेलीच्या एका प्रकारावर १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने पेटंट घेतलं होतं. अॅमेझॉनच्या आदिवासी संघटनांच्या महासंघाने ते आव्हान देऊन १९९९ मध्ये रद्द करवलं, २००१ मध्ये ते परत बहाल झालं, आणि शेवटी २००३ मध्ये मुदत संपली म्हणून सुटलं. हळद आपली म्हणणाऱ्यांनी त्यांची वेल वापरताना तिच्या मालकांना विसरू नये. मी जे पैसे भरले त्यातले आजीच्या हातात किती पडले, हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ‘आम्ही समाजाला परत देतो’ एवढंच उत्तर मिळालं. आकडा सांगा. ओनान्याला एका रात्रीचे किती, गाणाऱ्या मदतनीसाला किती, वेल कुठून आली, तुम्ही किती लावल्या. हे जेव्हा माहितीपत्रकात छापाल तेव्हाच आपलं शिबिर परंपरेत ‘रुजलेलं’ आहे असं म्हणा.

एक गोष्ट कायद्याची. तुमच्यापैकी काही जण आता कर्जतला, गोव्याला ‘छोटं सत्र’ ठेवण्याचं बोलताहेत, असं कानावर आलं. डीएमटी आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. बाटली आणणं, कुरिअरने मागवणं, इथे वाटणं, याने तुम्ही तर अडकालच, पण विश्वासाने आलेल्या माणसालाही अडकवाल. आणि ना ओनान्या, ना मालोका, ना ते जंगल. ते करू नका.

पुढच्या तुकडीचा फॉर्म निघायच्या आधी एवढं करा. पहिला प्रश्न गोळ्यांचा घाला, बँकेच्या तपशिलाच्या वर. पाकिटांचे फोटो, रक्तदाब, हृदयाचा आजार, फिट्स, गरोदरपण, घरातला मानसिक आजार. चालू औषध असलेल्याला त्याच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणल्याशिवाय नेऊ नका, आणि औषध बंद करा असं तुम्ही स्वतः कधीही, कुणालाही लिहू नका. कप नाकारला गेला तर पैसे परत, हे आधीच लिहून द्या, म्हणजे त्या संध्याकाळी ‘पूर्ण पैसे भरलेत’ असं म्हणायची वेळ तुमच्यावर येणार नाही. रात्री न प्यालेलं, प्रशिक्षण घेतलेलं एक माणूस आणि इंजिन तपासलेली एक नाव धक्क्याला.

घरी आल्यावरचंही बघा. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझी मावसबहीण रात्री-बेरात्री फोन करून रडायची. शिबिराचा ग्रुप तोवर बंद झाला होता. ती तिकडच्या एका समुपदेशकाकडे गेली आणि सावरली, पण तो पत्ता तिने स्वतः शोधला.

माझं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं. तुमच्यापैकी कुणालाही गोळ्यांची यादी तपासून हवी असेल तर माणसांची नावं झाकून घेऊन या. कशावर खूण करायची आणि कुणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं ते मी बसून सांगेन. एक पैसा घेणार नाही. पुण्याचा तो मुलगा गेल्या दिवाळीत फराळ घेऊन आला होता. गोळी आता डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमवर आणली आहे, हळूहळू. आजीने बसायला दिलेली केनेची छोटी चटई त्याने माझ्यासाठी जपून आणली होती. ती काउंटरच्या आत, माझ्या स्टुलावर आहे.

आपली,
नाशिकची एक औषधविक्रेती